घशातला कडूपणा

दिवेलागणीला त्या घरात एक काम ठरलेलं होतं, आणि ते चालू असेपर्यंत रेडिओ बंद असायचा. नवरा दिवाणावर आडवा व्हायचा, उशी बाजूला सारून मान मागे टाकायचा आणि नजर छताला लावायचा. बायको त्याच्या उशाशी स्टुलावर बसायची. एका बोटाने त्याची खालची पापणी ओढून तिथे लहानशी खोबण करायची, बाटली वर धरायची आणि श्वास रोखून एकच थेंब सोडायची. मग त्याने डोळा मिटायचा आणि तिने नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशाकडे न पळता डोळ्यातच मुरतं. मग दुसरा डोळा. मग दुसरी बाटली. पण ती लगेच नाही, नाहीतर दुसरं औषध पहिल्याला धुऊन टाकतं. त्या मधल्या वेळात तो मिटल्या डोळ्यांनीच दिवसभराच्या गमती सांगायचा. तो शाळेची बस चालवायचा. मुलं त्याला पोंपों आजोबा म्हणायची, कारण प्रत्येक मुलाच्या दारात तो भोंगा वेगळ्या चालीवर वाजवायचा.

त्याचं झालं की जागांची अदलाबदल व्हायची. ती कुशीवर वळायची, उजवा कान वर करायची. तिच्या त्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक होतं. सर्दी झाली की कान वाहायचा, आणि वाहायला लागला की पिवळ्या टोपणाच्या बाटलीतले थेंब सुरू व्हायचे. नवरा ती बाटली आधी मुठीत धरून कोमट करायचा, कारण गार थेंब आत गेला की तिला खोली गरगर फिरल्यासारखी वाटायची. मग कानाची पाळी वर ओढून थेंब सोडायचा. ते औषध पडद्याच्या भोकातून आत उतरायचं आणि थोड्या वेळाने तिच्या घशात कडूजहर चव यायची.

"पोचलं का?" तो विचारायचा.

ती तोंड वाकडं करून म्हणायची, "पोचलं."

"तुझ्या कानात सांगितलेलं थेट पोटात जातं बघ," हा त्याचा जुना विनोद. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला तो नवाच वाटायचा आणि ती दर वेळी हसायची.

त्या वर्षी मात्र हिवाळा सरता सरता कडू लागायचं थांबलं. थेंब आत जायचा, गुदगुल्या व्हायच्या, पण घशात काही उतरायचं नाही. पहिल्या दिवशी तिला वाटलं, चव कळली नसेल. आठवडाभर तसंच झालं तेव्हा तिच्या मनाने घेतलं की भोक बुजलं. कानाचे डॉक्टर कधीतरी म्हणाले होते की पडद्याला भोक आहे म्हणून औषध घशात येतं. म्हणजे आता येत नाही, त्या अर्थी भोक राहिलं नाही. हिशेब सरळ होता. तिने मोठ्या आनंदाने नवऱ्याला ते सांगितलं. तो टोपण लावत होता. "चांगलं झालं की," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

आनंद करायला तिला फारशी सवड मिळाली नाही. त्याच सुमारास त्याच्या डोळ्यांचं बिनसलं.

त्याला काचबिंदू होता. डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मागची नस हळूहळू सुकते, दुखत काही नाही, आणि बाजूची नजर चोरपावलांनी निघून जाते. मागच्या वर्षी वेळेत लक्षात आलं आणि थेंब सुरू झाले. रोज घातले तर दाब ताब्यात राहील, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ही डॉक्टरीण वयाने तरुण, बोलायला तुटक, पण कामाला पक्की. पहिले काही महिने सगळं सुरळीत होतं. मग एका तपासणीत दाब वाढलेला निघाला. औषध वाढवलं, त्यात सकाळच्या थेंबाची भर पडली. पुढच्या तपासणीत तो आणखी वाढला.

"औषध रोज जातंय ना डोळ्यात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जातं की," तो म्हणाला. "हीच घालते."

मग डॉक्टरीणबाईंनी तिला पुढे बोलावलं आणि पाण्याची बाटली देऊन कसं घालता ते दाखवा म्हणाल्या. खोलीत दुसरे पेशंट होते, नर्स होती. तिने दाखवलं. सगळ्यांच्या नजरा तिच्या बोटांवर, आणि थेंब त्याच्या गालावर ओघळला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. असं होतं बऱ्याच घरांत, म्हणाल्या, आपल्याला वाटतं आत गेलं आणि जातं गालावर. त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. दुसरं कुठलं औषध डोळ्यात घालता का, असंही त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. काम काय करता, या प्रश्नावर तो म्हणाला, "आता काय, घरीच." तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

ती एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची. सुईत दोरा पहिल्या फटक्यात जाणारी बाई, तिच्या हातचं काज उसवलं असं कधी कोणी म्हटलं नव्हतं. आणि आता तिचा हात चुकतो म्हणून नवऱ्याचे डोळे जाणार होते. लेक दूर राहायची, तिने फोनवर हळूच विचारलं, "आई, तू नीट घालतेस ना गं?" प्रश्न मायेचाच होता, पण काट्यासारखा रुतला. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी थेंब सोडला की विचारायची, गेला का? तो म्हणायचा, गेला. गालावर तर नाही ना आला? नाही गं बाई, तूच बघ. ती दिवा जवळ ओढून बघायची. डोळ्यांत औषध चमकताना दिसायचं. तरीही जीव टांगणीलाच.

एक गोष्ट तिला चमत्कारिक वाटत होती. हे औषध सुरू झालं तेव्हा त्याचे डोळे लालभडक व्हायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, व्हायचेच, त्याला इलाज नाही. पण शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचे डोळे रोज सकाळी लाल, म्हटल्यावर लोकांना जे वाटायचं तेच वाटलं. कोणा मुलाच्या आईने तक्रार केली. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि बोलता बोलता, त्याला कळणार नाही अशा बेताने, त्याच्या तोंडाचा वास घेतला. उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. तो घरी येऊन हे हसत हसत सांगायला लागला आणि हसताना मध्येच गप्प झाला. डोळ्यांचा आजार आहे हे शाळेत सांगायची सोय नव्हती. ते सांगितलं असतं तर लाल डोळ्यांचा खुलासा झाला असता, पण बसही हातातून गेली असती.

पण मग, कधी ते तिला आठवत नव्हतं, डोळे लाल व्हायचे थांबले. औषध तर वाढलं होतं, आणि डोळे कवडीसारखे पांढरे. सवय झाली असेल डोळ्यांना, तो म्हणाला. तिला ते पटलं. तिला ते पटवून घ्यायचं होतं, असं म्हणावं फार तर.

मग बसचा डावा आरसा शाळेच्या फाटकाला लागून तुटला. फाटक अर्धवट उघडलं होतं, म्हणे, रखवालदाराची चूक. चारच दिवस मध्ये गेले आणि जेवताना त्याच्या डाव्या हाताचा धक्का लागून पाण्याचा पेला सांडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिने पेला मुद्दाम डाव्या अंगाला, थोडा मागे ठेवला आणि काही न बोलता बघत राहिली. त्याने ताटाभोवती नजर फिरवली आणि म्हणाला, "पाणी द्यायला विसरलीस." तिने उठून दुसरा पेला भरून उजव्या बाजूला ठेवला.

त्या रात्री तिने मनाशी ठरवलं, तपासणी जवळच आली आहे, या खेपेला डॉक्टरीणबाईंना बसचं सांगून टाकायचं. पण तपासणीच्या आधी शाळेची सहल होती. तळ्यावर जायचं होतं. मुलं बसमध्ये त्याशिवाय दुसरं बोलत नव्हती, आणि तोही मुलांइतकाच खुळावला होता. सहल होऊ दे, मग बघू, असं तिने स्वतःला बजावलं. आणि नेमक्या त्याच सुमारास तिचा कान वाहायला लागला. बुजलेल्या भोकातून पाणी कसं येतं, याचा विचार करायला तिच्या डोक्यात जागा नव्हती.

सहलीच्या दिवशी तो उजाडायच्या आत निघून गेला. बस धुवायची होती, टायर बघायचे होते. ती उठून आत जाते तर सकाळची बाटली जागच्या जागी. थेंब राहिला होता. आज दिवसभर बाहेर, आणि दाब आधीच वाढलेला. तिने बाटली पदरात गुंडाळली, कानात कापूस घातला आणि शाळेची वाट धरली. कान ठणकत होता. चालताना प्रत्येक पाऊल आत आपटत होतं.

शाळेच्या अंगणात बस उभी होती, ओली, चकचकीत. मुलं अजून वर्गात होती. तिकडून त्यांचा गलका ऐकू येत होता. ती फाटकातून आत शिरली ती बसच्या डाव्या अंगाने. तो आपल्या जागेवर बसला होता. काचेतून त्याचं डोकं स्पष्ट दिसत होतं. तिने हात वर केला. त्याने पाहिलं नाही. ती आणखी पुढे गेली, पुन्हा हात हलवला. तो समोरच्या लहान आरशात स्वतःला बघत होता. मग त्याने खिशातून काहीतरी काढलं, मान मागे टाकली, पापणी ओढली आणि डोळ्यात थेंब सोडला. अगदी सराईतपणे, एकट्याने. त्याला थेंब स्वतः घालता येतात हेच तिला माहीत नव्हतं. मग दुसऱ्या डोळ्यात. मग त्याने टोपण लावलं.

टोपण पिवळं होतं.

ती आता बसच्या दारात, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती, आणि तो अजून आरशात डोळे निरखत होता. ती पायरी चढली तेव्हा कुठे पायरीच्या आवाजाने त्याने मान वळवली. वळवली आणि तो दचकला.

"तू इकडे कशी?"

"सकाळचं औषध राहिलं," ती म्हणाली. आणि हात पुढे केला. "ती बाटली द्या."

त्याने मूठ मिटली. मग उघडली. बाटली तिच्या कानाच्या औषधाचीच होती. वर बारीक अक्षरांत छापलेलं होतं की हे थेंब डोळ्यांत किंवा कानात घालण्यासाठी आहेत. तिने टोपण काढलं आणि एक थेंब जिभेवर घेतला. कडूजहर. तिच्या तोंडाला ती चव आधी ओळखू आली, मग तिला.

"मग घरातल्या बाटलीत काय आहे?"

तो समोरच्या काचेवरच्या वायपरकडे बघत राहिला.

"अहो, मी काय विचारते? माझ्या कानात रोज काय घालता तुम्ही?"

"पाणी," तो म्हणाला. "उकळून गार केलेलं. चिमूटभर मीठ टाकून. वाईट काही नाही त्यात."

मग त्याने खालच्या आवाजात, तुटक तुटक, सगळं सांगितलं. लाल डोळ्यांचं ते प्रकरण झाल्यावर एकदा त्याने ही बाटली हातात घेऊन वरची अक्षरं वाचली होती. डोळ्यांतही चालतं म्हटल्यावर घालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी डोळे पांढरे. जादूच जशी काही. मग सोडवेना. एक दिवस नाही घातलं की पुन्हा लाली. बाटल्या भराभर संपायला लागल्या, औषधांच्या दुकानातला माणूस कुरकुर करायला लागला की बाईंच्या कानाला एवढं लागतं कसं. म्हणून मग खरी बाटली खिशात आणि जुन्या रिकाम्या बाटलीत पाणी. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं तो चुकवत नव्हता, हे त्याने दोनदा सांगितलं. तिच्या हातचा एकही थेंब वाया गेला नव्हता.

"मी तुम्हाला सांगितलं, कडू लागत नाही," ती म्हणाली. "भोक बुजलं म्हणून मी खूश झाले. आणि तुम्ही हात धुवायला गेलात."

"तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही."

ओरडावं असं तिला फार वाटलं. पण वर्गांतला गलका आता व्हरांड्यात आला होता. शिट्टी वाजली, रांगा लागायला लागल्या. तिने बाटली कमरेला खोचली आणि त्याच्या डाव्या हाताला, इंजिनाच्या झाकणावर बसली.

"समोर बघा. त्या झेंड्याच्या खांबाकडे. मान हलवायची नाही. माझा हात वर झाला की सांगा."

"आता तू परीक्षा घेणार माझी?" तो हसला. पण समोर बघितलं. त्यालाही ते बघायचं असावं.

तिने हात वर केला. बोटं हलवली, डॉक्टरीणबाई हलवायच्या तशी. तो खांबाकडे टक लावून होता. त्याचे डोळे पांढरे, नितळ, कोणीही बघावं असे. तिने हात आणखी वर नेला, थोडा पुढे आणला, बोटं हलवतच राहिली.

"हं," तो म्हणाला. "कर ना वर."

तिने हात खाली घेतला नाही.

"अगं, मुलं आली. करायचा तर कर पटकन."

"केव्हाचा वर आहे," ती म्हणाली.

त्याने मान वळवली आणि तिचा हात पाहिला. बराच वेळ पाहत राहिला, जसा काही तो हात दुसऱ्या कोणाचा होता. मग त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि घट्ट धरलं.

"आजचा दिवस," तो म्हणाला. "आजचा दिवस जाऊ दे. अगदी सावकाश नेतो. बसमधली बाई असते की शेजारी, ती सांगेल डावीकडचं. उद्या मी स्वतः येऊन राजीनामा देतो. तू म्हणशील तिथे सही करतो."

"जाताना तळं कुठल्या हाताला येतं?" तिने विचारलं.

तो रस्ता दोघांना माहीत होता. डोंगराला वळसे घालत चढायचं, आणि पाणी डाव्या हाताला, खाली.

मुख्याध्यापिकाबाई हातात यादी घेऊन बसकडे येत होत्या. मागे मुलांची रांग, पाठीवर दप्तरांऐवजी रंगीत पिशव्या. तिच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. ह्यांना डावीकडचं दिसत नाही. एवढं म्हटलं की संपलं. पण ते सगळ्यांदेखत म्हणायचं, ह्याच मुलांसमोर, जिथे त्याच्या तोंडाचा वास घेतला गेला होता तिथे. ती पायऱ्या उतरली. खालच्या पायरीवर आली आणि तिथेच बसली, कानावर हात धरून.

"काय झालं हो?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"कान," ती म्हणाली. "फार ठणकतो आहे. चक्कर येते. ह्यांना म्हणत होते, मला दवाखान्यात न्या."

खोटं बोलायला तिला कष्ट पडले नाहीत, कारण त्यात खोटं फारसं नव्हतं. कापूस भिजून पिवळा झाला होता. मुख्याध्यापिकाबाईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. पण त्या बाई व्यवहाराला चोख होत्या. त्या म्हणाल्या, ड्रायव्हरना आज सोडणं कठीण आहे, मी आमच्या शिपाईबाईंना तुमच्याबरोबर देते, रिक्षा बोलावते, खर्चाची काळजी करू नका.

झालं. तिने दार लोटलं होतं आणि ते दुसऱ्या बाजूने कोणीतरी सभ्यपणे बंद केलं होतं. आता त्याला काहीच करावं लागणार नव्हतं. जागेवर बसून राहिलं की पुरे. ती रिक्षातून निघून जाईल आणि बस तळ्याच्या रस्त्याला लागेल. ते वाक्य पुन्हा तिच्या जिभेवर आलं, त्या कडू चवीशेजारी. तिने ठरवलं, किल्ली फिरल्याचा आवाज आला की बोलायचं. मग तो आयुष्यभर बोलला नाही तरी चालेल. तिने मागे वळून पाहिलं नाही. पायरीवर बसून राहिली आणि चांगल्या कानाने ऐकत राहिली.

मुलं चुळबुळ करत होती. शिपाईबाई रिक्षा बघायला फाटकाकडे निघाल्या. वर, तिच्या पाठीमागे, किल्ल्यांचा जुडगा किणकिणला. तिने तोंड उघडलं.

इंजिनाचा आवाज आला नाही. तो उठला होता. पायरीच्या डाव्या दांड्यासाठी त्याने हात चाचपला, एकदा हवेतच, मग सापडला. तिच्या शेजारून तो खाली उतरला आणि किल्ली मुख्याध्यापिकाबाईंसमोर धरली.

"बाई, मीच नेतो हिला," तो म्हणाला. "आज दुसरा माणूस बोलवा."

"ऐन वेळी? अहो, मुलं उभी आहेत."

"म्हणूनच," तो म्हणाला. "उद्या येऊन सगळं सांगतो."

मुख्याध्यापिकाबाईंनी किल्ली घेतली, नाराजी लपवली नाही. त्या दुसरा ड्रायव्हर शोधायला फोन लावत आत गेल्या. सहल उशिरा निघणार हे कळल्यावर रांगेतून एक लांबलचक सुस्कारा निघाला. कोणीतरी म्हणालं, पोंपों आजोबा, निदान भोंगा तरी वाजवून जा. त्याने खिडकीतून हात आत घातला आणि एकदा वाजवला. कुठलीही चाल न लावता, साधा.

रिक्षात दोघं एकमेकांच्या बाजूला बसले. तिने त्याला आपल्या डाव्या हाताला बसवलं होतं, म्हणजे ती त्याच्या उजवीकडे आली, त्याला दिसेल अशी. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तिने पिवळ्या टोपणाची बाटली ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती दिव्याखाली धरली, वाचली, आणि त्याच्याकडे बघितलं.

"रोज?"

"रोज," तो म्हणाला. "कधी दोनदा."

डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं तुटकच सांगितलं, पण या वेळी हळू. यात सूज उतरवणारं औषध आहे. त्याने डोळा पांढरा होतो, ते खरं. पण काही डोळ्यांत तेच औषध दाब चढवतं, आणि कळत काही नाही. "मी इकडे भांड्यातलं पाणी उपसतेय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही वरून नळ सोडून बसलाय." हे थेंब आजपासून बंद. दाब त्याने बहुतेक उतरेल, किती ते बघावं लागेल. नाही उतरला तर ऑपरेशन. आणि जी नजर गेली, विशेषतः डाव्या डोळ्याची, ती परत येणार नाही. उरली आहे ती सांभाळायची.

"आणि डोळे पुन्हा लाल होतील?" त्याने विचारलं.

"होतील. तुम्ही घरीच असता ना? मग कोण बघतंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याला मदत केली नाही.

"शाळेची बस चालवतो," तो म्हणाला. "आज सकाळपर्यंत चालवत होतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

कानाचा दवाखाना त्याच इमारतीत, जिना चढून वर होता. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या कानात दिवा घालून पाहिलं, कान पुसून कोरडा केला आणि भोक जसंच्या तसं आहे म्हणाले. आत पाणी गेलेलं दिसतंय. तुमच्या कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, हे तुम्हाला इतक्या वेळा सांगितलं आहे.

तो दाराशी उभा होता. तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "गेलं डॉक्टर, चुकून."

औषध तेच लिहून दिलं, पिवळ्या टोपणाचं, कान कोरडा होईपर्यंत घालायचं आणि मग थांबवायचं. वाटेत तिने स्वतः दुकानात जाऊन नवी बाटली घेतली आणि घरी आल्यावर ती कपाटात ठेवली नाही. बटणांच्या डब्यात ठेवली, तिच्या सुया-दोऱ्यांबरोबर. त्याने ते पाहिलं.

दिवसभर घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. दुपारी मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला की दुसरा ड्रायव्हर मिळाला, मुलं तळ्यावर सुखरूप पोचली. तो दिवाणावर बसून निरोप ऐकत होता. मग त्याने चेहऱ्यावर पंचा टाकला आणि बराच वेळ तसाच पडून राहिला.

दिवेलागणीला तिने रेडिओ बंद केला आणि स्टूल ओढलं. त्याने मान मागे टाकली. तिने पापणी ओढली, थेंब सोडला, कोपरा दाबून धरला. डोळा आतून तांबूस व्हायला लागला होता. सकाळी तो लाल असणार होता, आणि त्याला शाळेत जाऊन त्याच लाल डोळ्यांनी सगळं सांगायचं होतं. "गेला का?" तिने विचारलं नाही. तिचा हात स्थिर होता, आणि तो आधीही स्थिरच होता, हे तिला आता माहीत होतं. त्याच्यावरचा राग मात्र अजून बोटांत होता. तिने कोपरा जरा जास्तच जोरात दाबला असावा, कारण तो कळवळला.

मग तिने डब्यातून बाटली काढून त्याच्या हातात दिली आणि कुशीवर वळली. तो बाटली मुठीत धरून बसला. थेंब कोमट व्हायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त बसला. तिने मान वर करून पाहिलं तर त्याने टोपण काढलं होतं आणि एक थेंब स्वतःच्या जिभेवर घेतला होता. त्याचं तोंड वाकडं झालं.

"तेच आहे," तो म्हणाला.

ती पुन्हा वळली. त्याने कानाची पाळी वर ओढली. थेंब आत गेला, गुदगुल्या झाल्या, कान हुळहुळला. ती भिंतीकडे बघत थांबून राहिली. बराच वेळ काहीच आलं नाही. मग घशाच्या अगदी मागे, हळूच, ती चव उतरली.

"पोचलं का?" त्याने विचारलं. आवाजात विनोद नव्हता.

तिने त्याला थोडं थांबू दिलं. मग म्हणाली, "पोचलं."